व्याह्यांच्या देशी

सोयरीक दोन माणसांची नसते, दोन घरांची असते, असे आपले वाडवडील सांगत आले. दोन्ही घरे एकाच पंचक्रोशीतली असली म्हणजे हे वचन सहज खरे होते. बोलणी करण्यास वडीलधारी मंडळी जातात, बायका एकमेकींच्या स्वयंपाकघरात डोकावतात, कोणाची मावशी कोणाच्या काकूची शेजारीण निघते, आणि लग्नाचा दिवस उजाडेपर्यंत परकेपणा निम्मा ओसरलेला असतो. परंतु एक घर बेळगावात आणि दुसरे व्हिएतनामच्या उत्तर भागातील भातशेतीच्या गावी असेल, एका घरची भाषा दुसऱ्या घरात कोणालाही कळत नसेल, तर ही सोयरीक जुळावी कशी? काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच कुटुंबात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधीत आम्हांला लग्नाच्या तिथीपूर्वी बारा दिवस त्या देशात हिंडावे लागले. आज आपल्या बहुतेक धर्मग्रामांतील मुलेमुली दूरदेशी नोकरीस आहेत. हा प्रश्न उद्या पुष्कळांच्या दारी येईल, म्हणून त्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचा भाचा सिंगापूर येथे अभियंता आहे. तेथील एका धर्मग्रामाच्या गायकवृंदात त्याची एका व्हिएतनामी मुलीशी ओळख झाली. ती परिचारिका आहे. दोघांची मने जुळली व त्याने आईला कळविले. त्याची आई म्हणजे आमची थोरली बहीण, आमची आक्का. मुलगा शाळेत असतानाच तिला वैधव्य आले, आणि शिवणाच्या यंत्रावर तिने त्याला शिकविले. एकुलता एक मुलगा. ती नाही म्हणाली नाही. पण हो म्हणताना तिचा आवाज खाली गेला, हे आमच्या कानांनी टिपले. एके रात्री ती आम्हांला म्हणाली, "बाबू, पोरगी गुणाचीच असेल. पण तिच्या आईशी मी बोलू कशी? दोघी बायांनी जन्मभर एकमेकींकडे बघून नुसते हसत बसायचे काय?" चारचौघांत ती आम्हांला 'फादर' म्हणते. घरात 'बाबू' म्हणते तेव्हा तिच्या मनात काही खोल सलत असते.

सलणारी आणखी एक गोष्ट होती. भाच्याने सासरच्या घराचे छायाचित्र पाठविले होते. बैठकीच्या भिंतीवर मधोमध क्रूस, त्याच्या बाजूला पवित्र मारियेची मूर्ती, आणि खालच्या फळीवर गेलेल्या आजा-पणज्यांच्या तसबिरी. तसबिरींपुढे फळांची थाळी व जळत्या उदबत्त्या. आक्का ते चित्र बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, "ही माणसे आपल्यासारखी मिस्साला जातात ना? मग हे काय?" इकडे मुलीच्या वडिलांनी भाच्याकरवी निरोप धाडला होता, की लग्नाच्या सकाळी वधूवरांनी त्या तसबिरींपुढे मस्तक लववावे असा त्यांचा कुळाचार आहे, वराचे मामा धर्मगुरू आहेत, त्यांना हे चालेल काय? अशा रीतीने दोन्ही घरे आमच्या तोंडाकडे पाहत होती.

कागदपत्रे बिनबोभाट पार पडली. बाप्तिस्म्याचे दाखले गेले-आले, विवाहाची घोषणा तीन रविवारी वाचली गेली, आणि आगमनकाळापूर्वीचा नोव्हेंबरअखेरचा दिवस ठरला. मग मुलीच्या वडिलांची आणखी एक विनंती आली. त्यांची आत्या दक्षिणेस राहते, वय ऐंशीच्या पुढे, पायांनी अधू, लग्नास येऊ शकत नाही. घरातील सर्वांत वडील माणूस तेच. वराची आई जर आधी तिला भेटून आमंत्रण देईल, तर सगळ्या घराण्याचा मान राहील. आक्काने हे ऐकले मात्र, आणि तिने ताबडतोब होकार दिला. वडीलधाऱ्यांना घरी जाऊन बोलावणे करायचे असते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

विमान उतरले ते हो चि मिन्ह शहरी. बोलताना लोक अजूनही त्याला सायगॉनच म्हणतात. रस्त्यात मोटारसायकलींचा महापूर. पण आक्काचे लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे होते. "अक्षरे तर आपल्या इंग्रजी शाळेतलीच आहेत की रे! पण डोक्यावर टोप्या आणि पायाशी टिंबे कसली?" खरेच होते ते. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि वरखालच्या खुणा सूर दाखवितात. 'मा' हे एकच अक्षर सहा सुरांत म्हटले की भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा निरनिराळे अर्थ होतात. आक्का हसली व म्हणाली, "मग मी गप्पच राहाते. विहिणीला आई म्हणायला जाईन आणि घोडा म्हणून बसेन!"

या लिपीचा आपल्या किनाऱ्याशी असलेला संबंध आम्ही तिला सांगितला, तो वाचकांनाही आवडेल. ती घडविण्याचे काम सतराव्या शतकात फ्रांसिस्कु द पिना आदी पोर्तुगीज येशूसंघीयांनी आरंभिले. त्याला छापील रूप दिले ते फादर आलेक्सांद्र द रोद यांनी. त्यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ साली रोम येथे प्रसिद्ध झाला. हे फादर रोद युरोपातून निघाले ते १६१९ साली प्रथम गोव्यात उतरले, आणि पूर्वेकडे जाण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले. त्याच १६१९ साली आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात देह ठेवला. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' तीनच वर्षांपूर्वी, १६१६ साली, रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले होते. मराठी आपल्या लिपीकडे परत आली, तर व्हिएतनाममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोमन लिपीच सर्वांची झाली. परक्याच्या घरी जायचे तर आधी त्याची बोली कानांत साठवावी लागते, हे मात्र दोघाही धर्मगुरूंनी सारखेच जाणले होते.

सायगॉनचे तांबड्या विटांचे मोठे चर्च १८८० साली पुरे झाले. त्या विटा फ्रान्समधील मार्सेय बंदरातून जहाजाने आणल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्याच्याभोवती दुरुस्तीची परांची उभी होती. हे काम २०१७ पासून चालले आहे. बाहेरूनच नमस्कार करून आम्ही आत्याबाईंकडे निघालो.

सायगॉनपासून सुमारे तीस किलोमीटरांवर, बिएन होआच्या पुढे, होनाई नावाचा भाग आहे. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना थोड्याथोड्या अंतराने चर्च लागत होते, इतके की आक्काने मोजदाद सोडून दिली. याचे कारण दुःखाचे आहे. जुलै १९५४ मध्ये जिनिव्हा येथे करार होऊन सतराव्या अक्षांशापाशी व्हिएतनामचे दोन भाग झाले. कोणास कोणत्या भागात राहायचे ते ठरविण्यास तीनशे दिवसांची मुदत मिळाली. त्या मुदतीत आठ लाखांहून अधिक माणसे उत्तरेकडून दक्षिणेकडे आली. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. गावेच्या गावे आपल्या धर्मगुरूंसह उठली, आणि नव्या ठिकाणी झोपड्या घालून त्यांना उत्तरेतल्या जुन्या धर्मग्रामांचीच नावे दिली.

आत्याबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. आईवडिलांबरोबर त्या हायफाँग बंदरातून बोटीने आल्या. थोरला भाऊ, म्हणजे आमच्या होणाऱ्या सुनेचा आजा, घर व कबरी सांभाळण्यासाठी मागे राहिला. "आई म्हणाली होती, दोन वर्षांत परत जाऊ. १९५६ मध्ये निवडणूक होणार, मग देश एक होणार." त्यांचा नातू, कॉलेजात शिकणारा मुलगा, इंग्रजीत सांगत होता व आम्ही मराठीत आक्काला. "निवडणूक झालीच नाही. भाऊ पुन्हा दिसला तो लढाई संपल्यावर, बावीस वर्षांनी."

एवढे सांगून म्हातारीने पानाचे तबक पुढे ओढले. विड्याचे पान, ओल्या सुपारीच्या फोडी, चुना, आणि काताच्या जागी कसल्याशा झाडाची तांबूस साल. बोलण्याचा आरंभ विड्याने होतो, अशी त्या लोकांत म्हणच आहे. तिने पानाला चुना लावला, पान वळले, आणि त्याचेच टोक त्यात खोवून विडा आक्कापुढे धरला. आक्काने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. मग ती सरसावून बसली. दुसरे पान उचलले, शीर काढली, चुना बोटाने पुसट लावला आणि आमच्या आईच्या हातचा त्रिकोणी विडा करून म्हातारीच्या हाती दिला. म्हातारीने तो उलटसुलट करून पाहिला, नातवाला काहीतरी म्हणाली, आणि दोघी मोठ्याने हसल्या. "काय म्हणाल्या?" आम्ही विचारले. नातू म्हणाला, "आजी म्हणते, हिच्या घरी पान आहे. मग काळजीचे कारण नाही."

त्या देशात लग्नाची बोलणी पानसुपारीवाचून होतच नाहीत. यामागे एक जुनी कथा आहे. दोन भाऊ होते, दिसण्यात अगदी सारखे. थोरल्याचे लग्न झाले. एका संध्याकाळी अंधारात वहिनीने धाकट्याला आपला पती समजून हाक मारली. धाकटा लाजेने घर सोडून गेला, ओढ्याकाठी रडत रडत मेला आणि चुनखडीचा दगड झाला. शोधायला आलेला थोरला त्याच दगडाला टेकून मेला, तो सुपारीचे झाड झाला. पतीला शोधीत आलेली पत्नी झाडाला मिठी मारून मेली व पानवेल झाली. तिन्ही एकत्र चघळली की रंग रक्तासारखा लाल येतो. नवराबायकोच्या प्रेमात भावाचे प्रेम तुटू नये, हा त्या कथेचा बोध. आपल्याकडे विडा देताना ही कथा कोणी सांगत नाही, परंतु अर्थ काही निराळा आहे असे आम्हांस वाटत नाही.

निघताना आत्याबाईंनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. मातीची, चिनी झिलईची, मुठीत मावेल एवढी चुन्याची कुपी. वर्षानुवर्षे चुना घट्ट बसून तिचे तोंड इतके अरुंद झाले होते की करंगळीही जाईना. त्यांच्या आईने ती १९५४ साली तांदळाच्या टोपलीत घालून आणली होती. "आई सांगून गेली, जुन्या घरात लग्न निघेल तेव्हा ही तिकडे पोहोचव. मी एकदाच गेले, भावाच्या मातीला. लग्नाची वस्तू मयताला कोण नेतो? आता पाय चालत नाहीत. पानसुपारी वराकडून जाते. मग चुनाही वराच्या आईच्याच हाती जावा." आम्ही हे मराठीत सांगेपर्यंत आक्काने कुपी पदरात घेतली होती.

पुढचा प्रवास आगगाडीचा. सायगॉनपासून हॅनॉयपर्यंत १,७२६ किलोमीटरांचा हा लोहमार्ग फ्रेंचांच्या राजवटीत १९३६ साली पुरा झाला, फाळणीत तुटला, आणि १९७६ अखेर पुन्हा सांधला गेला. त्यावरच्या गाड्यांना तेथील भाषेत 'एकीकरण' असे नाव पडले. आत्याबाईंचा नातू दुभाषा म्हणून बरोबर होता. रात्रभर आक्काने कुपी उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दा नांगच्या पुढे गाडी डोंगराच्या कुशीतून घाट चढू लागली. एका बाजूस दाट झाडी, दुसऱ्या बाजूस खाली समुद्र. लोंढ्याहून गोव्याकडे उतरणारा आपला घाट आठवला.

ह्वे येथे आम्ही दोन दिवस उतरलो. न्गुयेन घराण्याची ही जुनी राजधानी. १८०२ ते १९४५ पर्यंत राजे येथून राज्य करीत. या राजांपैकी काहींनी ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला. त्या व त्याआधीच्या छळांतील ११७ रक्तसाक्ष्यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९ जून १९८८ रोजी संतपद दिले; त्यांत ९६ व्हिएतनामी, ११ स्पॅनिश व १० फ्रेंच आहेत. याच ह्वे शहरात कार्डिनल न्गुयेन वान थुआन यांचा जन्म १९२८ साली झाला. १९७५ नंतर तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांपैकी नऊ एकान्तकोठडीत. पोटाचे औषध म्हणून आलेल्या बाटलीतील द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करीत. वेदी म्हणजे तळहात! आक्काने हे ऐकून आपल्या हाताकडे पाहिले व काही बोलली नाही.

पावसातच आम्ही मोटारीने उत्तरेस ला वांगला गेलो. १७९८ च्या छळात रानात लपलेल्या श्रद्धावंतांना येथे पवित्र मारियेने दर्शन देऊन झाडपाल्याचे औषध सांगितले, अशी तेथील परंपरा आहे. जुने बासिलिका १९७२ च्या लढाईत उद्ध्वस्त झाले, घंटाघर तेवढे उरले. मारियेची मूर्ती तेथील स्त्रियांच्या लांब अंगरख्यात, डोक्यावर त्यांच्याच पद्धतीचे गोल शिरोभूषण. आक्का म्हणाली, "आपल्याकडे साडीत असते, तशीच."

आणखी उत्तरेस बेन हाई नदी. नदी लहान, पूल त्याहून साधा. पण १९५४ पासून दोन दशके याच पाण्यावर देश दुभंगलेला होता. पुलाचा अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा, आजही तसाच राखला आहे. कराराच्या पालनावर देखरेख करण्यास जे मंडळ नेमले होते, त्यात भारत, कॅनडा व पोलंड हे तीन देश होते, आणि अध्यक्षपद आपल्या देशाकडे होते. "म्हणजे आपली माणसे इथे होती?" आक्काने विचारले. "होती." आत्याबाई बोटीने गेल्या होत्या, या पुलावरून नव्हे. तरी आक्काने कुपी पिशवीतून काढून हातात धरली व पूल ओलांडला. दुभाष्या मुलगा तिच्यावर छत्री धरून मुकाट्याने चालत होता.

त्या रात्री उत्तरेच्या गाडीत बसल्यावर त्या मुलाने भीत भीत विचारले, "फादर, तुम्ही पूर्वजांच्या तसबिरींपुढे उभे राहाल ना? काकांना त्या चिंतेने झोप नाही." आक्काही कान देऊन होती. तेव्हा आम्ही दोघांनाही जे सांगितले ते असे.

पूर्वजांपुढे उदबत्ती लावणे ही पूजा की आदर, हा वाद पूर्वेकडील ख्रिस्तसभेत शंभरांहून अधिक वर्षे गाजला. १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी चीनमधील या विधींवर कडक बंदी घातली. त्या बंदीची झळ व्हिएतनामलाही लागली. याच सुमारास, १७३६ साली, गोव्यात इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून ख्रिस्ती लग्नांतील अनेक देशी चालींवर बंदी घातली होती. पानसुपारी देणे, हळद वा खोबरेल अंगाला लावणे, ही त्यांतलीच. दोन्हीकडे भीती एकच: जुन्या चालीच्या वाटेने जुना धर्म परत येईल. पुढे दीर्घ अनुभवानंतर ख्रिस्तसभेने विवेक केला. रोमने ८ डिसेंबर १९३९ रोजी चीनसाठी ती बंदी उठविली, १९६४ मध्ये तीच मोकळीक व्हिएतनामला दिली, आणि १९६५ मध्ये तेथील बिशपांनी नियम घालून दिले. मृतांना देव मानायचे नाही, पण त्यांचा मान राखायचा. "आपल्या आईबापांचा मान राख" ही चौथी आज्ञा आईबाप मेले म्हणून संपत नाही.

मग आम्ही आक्काला म्हणालो, "हा नोव्हेंबर महिना आहे. तू दरवर्षी या महिन्यात आईबाबांच्या कबरीवर काय करतेस?" ती म्हणाली, "मेणबत्ती लावते, फुले ठेवते. आणि..." थोडे थांबून, "आणि बोलते त्यांच्याशी." त्यापुढे आम्हांला काही सांगावे लागले नाही. तो मुलगा दाराकडे जाऊन फोनवर काकांशी बोलू लागला. शब्द कळत नव्हते, स्वर मात्र कळत होता.

पहाटे निन्ह बिन्ह स्थानकावर भाचा घ्यायला आला होता. तेथून आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरांवर फात झिएम. हा किम सनचा सगळा प्रदेश १८२९ साली समुद्राची दलदल हटवून वसविलेला. चोहीकडे कालवे, भातखाचरे आणि चटईचे लव्हाळे. मुलीचे घर या चर्चपासून जवळच होते, म्हणून आधी दर्शनास थांबलो. फात झिएमचे चर्च म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्ती श्रद्धेचे एक आश्चर्य आहे. फादर त्रान लुक या स्थानिक धर्मगुरूंनी १८७५ ते १८९९ या काळात ते बांधविले. लोक त्यांना 'सहावे आजोबा' म्हणत. कारण छळाच्या काळात ते याजकपदापूर्वीच्या सहाव्या पायरीवर, म्हणजे उपयाजक, असतानाच हद्दपार झाले होते. बुडणाऱ्या जमिनीत बांबू ठोकून पाया घातला. छपरे देवळासारखी कोपऱ्यांशी वर वळलेली, मुख्य मंदिरात लोहकाष्ठाचे ४८ खांब, दर्शनी बाजूस दगडी घंटामंडप. त्यात खाली ढोल, वर घंटा. परदेशी नमुना मागवून न घेता आपल्याच देशी हातांनी देवाचे घर बांधावे, असे त्यांच्या मनात होते हे पाहताक्षणी कळते. ते १८९९ साली वारले. त्यांची समाधी मुख्य मंदिरापुढेच आहे.

याच धर्मप्रांतातील फुक न्हाक गावी संत आग्नेस ले थी थान्ह राहत असत. ११७ संतांमधील त्या एकट्याच स्त्री. सहा मुलांची आई, शेतकरीण. धर्मगुरूला आसरा दिला म्हणून त्यांना धरून नेले, आणि १८४१ साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. आक्का त्यांच्या तसबिरीपुढे बराच वेळ गुडघ्यांवर होती. आईने आईपाशी काय मागितले, ते आम्ही विचारले नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दारात सगळे कुटुंब उभे होते. स्वागताची भाषणे झाली, भाच्याने व त्या मुलाने अर्थ सांगितला. मग आक्का पुढे झाली व तिने फडके सोडून कुपी मुलीच्या वडिलांच्या हातांत ठेवली. गृहस्थ साठीचे, करारी चेहऱ्याचे. त्यांनी कुपी ओळखली. आजीच्या हातातील ती वस्तू त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण बापाच्या तोंडून ऐकली होती. ते तसबिरींच्या फळीपाशी गेले, कुपी तेथे ठेवली, आणि उदबत्त्या पेटवून तीन आक्काकडे धरल्या. क्षणभर सगळे घर थबकले. आक्काने आमच्याकडे पाहिले नाही. तिने उदबत्त्या घेतल्या, आधी क्रूसाकडे पाहून क्रूसाची खूण केली, मग तसबिरींपुढे मान लववून उदबत्त्या रोवल्या. आम्ही तिच्या मागे उभे राहून मृतांसाठी प्रार्थना म्हटली. विहीणबाईंनी डोळे पुसले.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बिऱ्हाडी तबके सजविण्याचे काम चालले. उत्तरेकडे तबकांची संख्या विषम असते; आम्ही सात नेली. चहा, मद्य, मिठाई, फळे, सगळ्यांवर लाल कापड. पण मुख्य तबक पानसुपारीचे. सुपारीचा घोस मोजून १०५ फळांचा. कारण त्यांच्या भाषेत 'नाम' म्हणजे पाचही आणि वर्षही, म्हणून एकशे पाच म्हटले की शंभर वर्षांचा संसार असा ध्वनी निघतो. त्या तबकासाठी वडिलांनी कुपी परत पाठविली होती. पाने लावायला विहीणबाई स्वतः आल्या. दोघी जमिनीवर चटई टाकून बसल्या आणि तासभर पाने निवडीत, पुशीत, वळीत राहिल्या. एक शब्द बोलणे नाही, आणि एक क्षण अवघडलेपणा नाही. एकीने पान पुढे करावे, दुसरीने फाटके निघाले तर मान हलवावी. सासर-माहेरच्या बायकांची किती लग्नघरे आम्ही पाहिली. यापेक्षा समजुतीने काम चाललेले क्वचितच पाहिले.

संध्याकाळी आमच्या चालीप्रमाणे भाच्याला रोस लावला. नारळ तेथेही मुबलक. आक्काने खवून रस काढला, मुलाच्या कपाळावर क्रूस काढला, केसांना, हातांना, पायांना रस लावला. मग तिने वाटी विहीणबाईंपुढे धरली. त्या बाईंनी बोटे बुडविली, कपाळावर तसाच क्रूस काढला, आणि आमच्याकडे पाहून काही विचारले. भाचा म्हणाला, "मामा, त्या विचारतात, हेसुद्धा कधी मना होते काय?" आम्ही म्हणालो, "होते. तुमच्या उदबत्तीसारखेच."

वाचकहो, आपल्या घरातील मूल परक्या देशातील जोडीदार निवडते, तेव्हा आपण भाषेची काळजी करतो, रंगाची करतो, अन्नाची करतो. ती करावी, आईबापांची काळजी वेडी नसते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. व्याह्यांच्या घरी जावे, लग्नाच्या मांडवात पाहुणे म्हणून जाण्याआधी जावे, आणि त्यांच्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पायांशी बसावे. ते माणूस जे जपून ठेवते, त्यावरून त्या घराची पारख होते. आपणही आपल्या घरी काय जपले आहे ते बरोबर न्यावे, आणि लाजू नये. आमच्या आक्काने नेले ते आईने शिकविलेले पान वळणे आणि नारळाची वाटी, एवढेच. ती आता सुनेबरोबर फोनवर बोलते. सून मराठी शिकते आहे, आणि आक्काला त्या सहा सुरांतला आईचा सूर तेवढा बरोबर काढता येतो.